रोज एक चांगलं वाक्य

३१ डिसेंबर

चिरंजीव आणि सूनबाई सकाळी परत गेले. गाडीत बसल्यावर त्यानं काल रात्रीच्या जेवणाचा व्हिडिओ पाठवला. सोबत एक अक्षर लिहिलेलं नाही. दुपारी ही जरा आडवी झाल्यावर मी तो लावला.

व्हिडिओत ही खालच्या लाँड्रीवाल्याची गंमत सांगतेय. तो चुकून गिऱ्हाईकाचाच कोट घालून घरी गेला, ती. हातवारे करून, त्याच्या चालण्याची नक्कल करत, अगदी रंगात येऊन सांगतेय. आणि मागून कुणीतरी सारखं बोलतंय. "मुद्द्यावर ये." "मंगळवार नाही, बुधवार होता तो." "तुला काय कळतंय त्यातलं." "झालं का?" माझ्या मनात आलं, हा कोण खडूस म्हातारा? मग लक्षात आलं की टेबलावर आम्ही चौघंच होतो.

पुन्हा लावला. चौथ्या टोमण्यानंतर ही हसते, म्हणते, "तर काय, असं झालं," आणि ताटल्या उचलायला लागते. कोटाचं पुढं काय झालं, ते राहूनच गेलं. तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण नाही. ते असतं तर बरं होतं. पावसात भिजायची सवय झालेल्या माणसासारखा चेहरा आहे तो.

लोकांना मोटार शिकवणं हे माझं काम. शेजारी बसायचं, चुका दाखवायच्या. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. समोरचा चुकायच्या आधीच मी तो दाबतो. घरीही तेच करतो, हे आज कळलं. मुलाला ते माहीत होतं आणि त्यानं काही न लिहिता पाठवलं, याची लाज जास्त वाटते.

१ जानेवारी

संकल्प केला: या वर्षी हिच्यावर चिडायचं नाही. नाश्त्यापर्यंत टिकला.

ही चष्मा शोधत होती आणि चष्मा होता तिच्याच डोक्यावर. मी म्हणालो, "डोकं जागेवर असतं तर सापडला असता." उचलली जीभ लावली टाळ्याला. वाक्य बाहेर पडून गेल्यावर मी ते ऐकलं.

मग कामावर जाताना विचार केला. नवा शिकणारा आला की पहिल्या दिवशी मी त्याला मोठ्या रस्त्यावर नेत नाही. मोकळ्या मैदानात उभा करतो आणि फक्त क्लच. आज क्लच, बाकी काही नाही. जमलं की माणूस खूश होऊन घरी जातो. मी मात्र पहिल्याच दिवशी घाट चढायला निघालो होतो.

तेव्हा आता लहान करतो. रोज हिला एक चांगलं वाक्य बोलायचं. एकच. आणि ते खरं असलं पाहिजे. एवढं तर कुणालाही जमेल.

लिहिलेलं वाचलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला एवढंच जमण्यासारखं वाटावं!

२ जानेवारी

"चहा छान झालाय."

हिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपात पाहिलं, मग स्वतःच्या कपातला एक घोट घेतला. "साखर जास्त पडली का?"

"नाही गं, खरंच छान झालाय."

"मग दुसरा करते," म्हणाली आणि माझ्यासमोरचा कप उचलून घेऊन गेली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं आहे हे. दूध मीच तापवलं होतं, तक्रार कुणाकडे करू?

४ जानेवारी

काल वाक्यच सुचलं नाही. म्हणजे चांगलं काही नव्हतं असं नाही. मी कधी पाहिलंच नव्हतं. आज मुद्दाम पाहत बसलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिच्या कुंड्या आहेत. त्यांचं पाणी खाली गळतं म्हणून मी नेहमी कुरकुरतो. आज नीट पाहिलं तर प्रत्येक कुंडीखाली बशी होती. कधी ठेवल्या कोण जाणे.

म्हणालो, "तुझ्या कुंड्यांमुळे खिडकीला शोभा आलीय."

"का? काढायच्यात का?"

दुपारी घरी आलो तर ही कपाटावरची मोठी बॅग खाली काढून ओल्या फडक्यानं पुसत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "साफसफाई." बरं झालं. उद्याचं वाक्य मिळालं.

५ जानेवारी

सकाळी मोजे चढवताना सांगितलं, "घर नेटकं ठेवावं तर तुझ्यासारखं. लोक घर आवरतात, तू बॅगसुद्धा आतून-बाहेरून पुसून ठेवतेस."

ही हातातला पेला घेऊन मटकन खुर्चीत बसली. चेहरा पांढराफटक. "तुम्ही... बॅग उघडून पाहिलीत?"

"मी कशाला उघडू? वरूनच दिसतं की."

कौतुकाची सवय नसली की माणूस असं दचकतं. सवय न लावणारा मी.

९ जानेवारी

आता थोडं जमतंय. संध्याकाळी ही शेजारच्यांच्या फुटलेल्या नळाची हकीकत सांगत होती. मी ठरवलं, मध्ये बोलायचं नाही. प्लंबर तीनदा आला की दोनदा, हे तोंडावर आलं होतं, ते गिळलं. गंमत म्हणजे मधेच तीच थांबली.

"तुम्हाला बरं नाहीये का?"

"छान आहे की. पुढं सांग."

"पुढं काही नाही. नळ बसवला." आणि उठून माझ्या कपाळाला हात लावला. गार हात होता. किती दिवसांनी लावला असेल! मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती माझ्याकडे अशी पाहत होती, की मला वाटलं, जिंकलो.

१३ जानेवारी

नुसत्या वाक्यांवर किती दिवस काढणार? आज एक पाऊल पुढं टाकलं. घराचे कागद, विम्याचे कागद, बँकेचं सगळं मी कपाटात कुलपात ठेवतो. तिला कधी दाखवलं नाही. "तुला काय कळणार" हे माझं पालुपद. आज तिला समोर बसवून एकेक फाईल दाखवली. किल्ली कुठं असते तेही सांगितलं. म्हटलं, "हे सगळं तुझंही आहे. तुला माहीत असायला हवं. माझ्यावाचून काही अडता कामा नये."

ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "हे आजच का?"

"उद्यावर कशाला ढकलायचं? माणसाचं काय सांगता येतं."

ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. पाण्याच्या आवाजाआडून रडणं ऐकू आलं. मी दाराबाहेर उभा राहिलो आणि माझेही डोळे भरून आले. साध्या विश्वासानं बायको इतकी हलते, आणि तो विश्वास मी आजवर कुलपात ठेवला.

१८ जानेवारी

बॅग पुन्हा कपाटावर गेली.

दुपारी थोरल्या मेव्हणीबाईंचा फोन होता. हिची ही मोठी बहीण दुसऱ्या गावी रोपवाटिका चालवते. नवरा गेल्यापासून एकटीच्या बळावर. मला ती फारशी विचारत नाही, मीही तिला नाही. ही हळू आवाजात बोलत होती. मी खोलीत गेलो तेव्हा एवढंच कानावर पडलं, "आता कशी येऊ गं ताई? आता नाही जमायचं."

बोलावलं असणार चार दिवस राहायला. हिला घर सोडवत नाही. मनात म्हटलं, बघ, चार गोड शब्दांची किमया. हे लिहितानाही जरा छाती फुगली आहे, खोटं कशाला सांगू.

२३ जानेवारी

हल्ली माझे फार लाड चाललेत. सूप काय, पाठीमागे उशी काय. चिरंजीव, जो आठवड्यातून एकदा फोन करायचा, तो रोज करतो आणि विचारतो, "बाबा, झोप लागते ना?" काल म्हणाला, "व्हिडिओ पाठवायला नको होता मी." मी म्हटलं, "उलट बरं केलंस." तर त्यानं घाईनं फोन सूनबाईकडे दिला.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनीही मला गाडीवरून काढून वर्गात बसवलंय. फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवायच्या. "अनुभवी माणूस वर्गात शोभतो," म्हणाले. नवीन वर्ष मला मानवलंय.

२७ जानेवारी

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी पुन्हा कधी मिळणार, म्हणून मालकांना विचारायला गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाले, "तुमच्यापासून काय लपवायचं? वहिनी येऊन गेल्या. सगळं सांगितलं त्यांनी."

"काय सांगितलं?"

"हेच... तब्येतीचं. तुम्ही घरात बोलत नाही आहात, पण त्यांनी ओळखलंय. तुम्हाला दगदग होऊ देऊ नका म्हणाल्या. रडत होत्या हो बिचाऱ्या."

"मला काय झालंय?"

मालक माझ्या हातावर थोपटायला लागले. "त्या म्हणाल्या, हा माणूस आयुष्यात माझ्याशी असा बोलला नाही. चहाला छान म्हणतो. मी बोलते ते ऐकून घेतो. परवा सगळे कागद माझ्या हवाली केले. काहीतरी मोठंच दुखणं आहे आणि याला कळून चुकलंय." मग घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टरांचं पत्र आणेपर्यंत तुम्हाला रस्त्यावर पाठवता येणार नाही. शिकणाऱ्यांचा जीव तुमच्या पायाखालच्या ब्रेकवर असतो."

बाहेर येऊन उभ्या गाडीत बसून राहिलो. आधी हसू आलं. मग एकेक आठवत गेलं. पांढराफटक चेहरा. कपाळावरचा हात. न्हाणीघरातला नळ. मी बाहेर उभा राहून धन्य होत होतो आणि आत ती माझं मरण रडत होती.

नवरा दोन शब्द बरे बोलला, तर तो मरणारच असणार. दुसरं कारण तिला सापडलं नाही.

आज घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचं ठरवलं होतं. दार उघडलं तर हिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, बूट काढायला खाली वाकली. म्हणाली, "दमलात ना?" मी म्हटलं, "जरा."

३० जानेवारी

अजून सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं, तिला धक्का बसेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आधी डॉक्टरांकडे जाऊन येऊ. जाऊन आलो, डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखे आहात. मालकांना पत्र दिलं, गाडी परत मिळाली. आता कुठलं निमित्त उरलं?

खरं इथं तरी लिहावं. मला हे आवडतंय. मी खोलीत आलो की ती मान वर करून पाहते. मी काय खाल्लं, किती खाल्लं, हे तिला महत्त्वाचं वाटतं. असं मला कुणी कधी जपलं नव्हतं, कारण मी कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं.

आज संध्याकाळी ती पुस्तक घेऊन बसली, माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी खोकलो.

खोकला आला नव्हता.

ती लगेच उठून पाणी घेऊन आली. मी ते प्यायलो. लाज वाटली, पण पेला रिकामा केला.

२ फेब्रुवारी

आज सगळं बाहेर पडलं.

जेवणं झाल्यावर टेबल पुसता पुसता ही म्हणाली, "ताईला कळवून टाकलं मी. जागा दुसऱ्या कुणाला दे म्हटलं."

"कसली जागा?"

"तिच्याकडे रोपवाटिकेत. बायकांवर देखरेख करायला कुणी हवं होतं तिला. राहायला मागची खोली." तिचं फडकं एकाच जागी फिरत होतं. "मी जाणार होते. नवं वर्ष लागलं की जायचं, असं ठरवलं होतं. तुम्हालाच एक संकल्प सुचतो असं थोडंच आहे."

शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं असावं, तिला माझ्या संकल्पाचं काहीच ठाऊक नव्हतं. पण मला ते नेमकं लागलं.

"किती दिवसांसाठी?"

ती फडकं झटकत म्हणाली, "मोठी बॅग काढली होती ना मी." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ते जाऊ द्या आता. तुम्हाला अशा वेळी टाकून जाईन का?"

एक क्षण, देवाशपथ, माझ्या मनात आलं की खरंच काही झालं असतं तर बरं झालं असतं. नुसतं गप्प बसलो असतो तरी ती राहिली असती. इतकं सोपं होतं.

मी म्हणालो, "मला काहीही झालेलं नाही. डॉक्टरांना दाखवून आलो. ठणठणीत आहे मी."

आधी तिला कळेचना. मग तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, हसली, रडली, "खरं सांगता? शपथ?" असं चारदा विचारलं. तो आनंद बघवत नव्हता. कारण त्याच्यामागून काय येणार, ते मला दिसत होतं.

हात खाली आले. "मग हे सगळं काय होतं? चहा छान, कुंड्या छान?"

"ठरवलं होतं मी. नव्या वर्षात रोज तुला एक चांगलं वाक्य बोलायचं."

"एक?"

"एक."

"मोजून?"

मी मान हलवली.

"आणि मला काय वाटतंय, हे तुम्हाला कधी कळलं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "मालकांनी सांगितलं. मागच्या आठवड्यात."

तिनं टेबलावरचं फडकं उचललं. "म्हणजे परवा खोकलात ते..."

तिनं फडकं घडी करून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि आत गेली. आतून कडी लावायचा आवाज आला. आमच्या घरात त्या दाराला कडी आहे, हे मी विसरूनच गेलो होतो.

६ फेब्रुवारी

गेली. मी तिला बसथांब्यावर सोडलं. वाटेत एकदाच बोलली, "मुलाला फोन करून सांगा तुम्ही बरे आहात. मी नाही सांगणार." बसची दारं मिटली तेव्हा 'कधी येशील' हे ओठांवर आलं होतं. विचारण्याचा हक्क आहे असं वाटलं नाही.

मुलाला फोन केला. तो आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, "बाबा, आई महिनाभर फोनवर माझ्याजवळ रडत होती हो." ठेवला फोन.

१९ फेब्रुवारी

संकल्प कुणासाठी पाळायचा आता? तरी कामावर ओरडणं कमी झालंय. शिकायला येणारी एक नर्स आहे, चौकात गाडी बंद पडली की घाबरून स्टिअरिंगच सोडून देते. आज मागून हॉर्न वाजत होते आणि मी नुसता बसून राहिलो. तिनं स्वतःच गाडी सुरू केली. पलीकडे गेल्यावर म्हणाली, "सर, तुमची तब्येत बरी आहे ना?"

९ मार्च

थोरल्या मेव्हणीबाईंचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आमचा टेम्पोवाला दोन दिवस येणार नाही. रोपं पोचवायचीत. तुम्हाला गाडी चालवता येते ना, की तेही सोंगच?"

म्हटलं, "येते."

"मग उद्या पहाटे निघा. तिनं बोलावलेलं नाही. मी बोलावतेय."

१० मार्च

लांबलचक हिरव्या जाळीखाली रोपांच्या रांगा, आणि त्या सगळ्यावर एक खणखणीत आवाज. "अगं, मुळं उघडी पडलीत, पाणी घाल! ते ट्रे उन्हात कुणी ठेवले?" मी फाटकातच थबकलो. ओळखीचा आवाज होता, पण इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. ही कोपरापर्यंत मातीनं भरलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. दोन बायका तिचं काहीतरी ऐकून खदाखदा हसत होत्या. ती कुणाच्या तरी चालण्याची नक्कल करून दाखवत होती. शेवटपर्यंत. मध्ये कुणी बोललं नाही.

मला पाहिलं तेव्हा हसू गेलं नाही, जरा कमी झालं. "आलात? पुढच्या रांगेतले ट्रे घ्यायचेत."

टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली. सगळी वाट मला शिकवत होती. "सावकाश. खड्डा आहे. इतक्या जोरात ब्रेक नको, रोपं झोपतात." हयात गेली माझी ब्रेक शिकवण्यात. मी सावकाश दाबला. एका वळणावर म्हणाली, "आता बरोबर." बस, एवढंच. मला काय झालं कुणास ठाऊक, पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला. ती खिडकीतून बाहेर पाहत होती, तिच्या लक्षात आलं नसावं.

दुसरी खेप भरायला परतलो तर तिथल्या सगळ्यांत वयस्कर बाईनं माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. हात धरून बसवायलाच लागली. मेव्हणीबाईंनी जानेवारीत सगळीकडे बातमी केली असणार. ती दुरुस्त करायची तसदी घेतलेली दिसत नाही. सगळ्या जणी हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहत होत्या, मरायला टेकलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मेव्हणीबाई कमरेवर हात ठेवून मजा बघत होत्या. जमीन दुभंगली असती तर मी आत गेलो असतो.

म्हातारीनं हिला विचारलं, "हेच का गं तुझे ते आजारी? कसं आहे आता त्यांचं?"

मला वाटलं, आता ही सांगणार. सगळ्यांसमोर, या नव्या मोठ्या आवाजात. सांगायला हवंच होतं.

हिनं हातांवरची माती झटकली. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"बरे होतायत," म्हणाली. "वेळ लागेल."

धडधडीत खोटं. जानेवारीतच डॉक्टरांनी मला ठणठणीत म्हटलंय, हे तिला पक्कं माहीत आहे. मग असं का म्हणाली? दुरुस्त करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझ्या दोन्ही हातांवर एकेक ट्रे ठेवला, आणि मी खुर्चीतून उठून ते टेम्पोकडे घेऊन गेलो. सावकाश.